गॅलरीतलं ऊन: लहान मुलांना सौरऊर्जेची ओळख करून देताना

भाचीच्या सहाव्या वाढदिवसाला मी तिला उन्हावर चालणारी गाडी आणली. पॅनल, मोटर, चाकं, सगळं जोडूनच आलेलं. दोन दिवस तिनं ती गॅलरीत पळवली आणि तिसऱ्या दिवशी मला गुपित सांगितल्यासारखं म्हणाली, "मावशी, हिच्यात बॅटरी आहे. ती निळी काच म्हणजे बॅटरीचं झाकण." मी पाच मिनिटं समजावलं. तिनं मान डोलावली, म्हणजे पटलं नव्हतं.

चूक माझीच होती. ऊन काय काय करू शकतं हे तिला अजून माहीतच नव्हतं आणि मी एकदम उन्हाची वीज करून दाखवायला निघाले होते. तेव्हापासून क्रम उलटा केला. पॅनल सगळ्यांत शेवटी. आधी ऊन कुठून येतं, कधी जातं, बर्फाला काय करतं, हळदीला काय करतं ते बघायचं. आमच्या कन्नमवार नगरातल्या बिल्डिंगमधली पाच-सहा मुलं हिवाळ्यातल्या रविवारी माझ्याकडे जमतात. पाच ते नऊ वर्षांची. तीन हिवाळे हे चाललंय, आणि खाली लिहिलंय ते त्यातून तावूनसुलाखून उरलेलं आहे. सामान जवळजवळ सगळं घरातलंच.

सुरू करण्याआधी

मुंबईत जून ते सप्टेंबर हा उद्योग करू नये. ढगांशी भांडण्यात मुलांचा उत्साह संपतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांत छान: आभाळ मोकळं, अंगाला ऊन सोसवतं, आणि सूर्य दक्षिणेकडून खालून जात असल्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीतून ऊन पार हॉलमध्ये येतं. एप्रिल-मेमध्ये ऊन कडक, पण तेव्हा मुलांना बारा ते तीनमध्ये गच्चीवर दहा मिनिटांहून जास्त उभं करू नका. प्रयोग वर ठेवा, मुलं सावलीत ठेवा.

डोळ्यांची गोष्ट आधी आणि दर वेळी. सूर्याकडे थेट बघायचं नाही. गॉगल लावूनही नाही, एक्स-रेच्या फिल्ममधूनही नाही, "एकच सेकंद" म्हणूनही नाही. भिंग आणि दुर्बीण मी या वयात आणतच नाही. कागद जाळून दाखवायचा मोह मोठ्यांनाच जास्त होतो, असा माझा अनुभव आहे.

आणि गच्चीची किल्ली. ती कोणाकडे असते, कोण देतं, कोण देत नाही हे शनिवारीच बघून ठेवा. गच्चीवर मुलांबरोबर कायम एक मोठं माणूस हवं. तुमच्या सोसायटीत गच्ची मिळतच नसेल तरी बिघडत नाही. यातले बहुतेक प्रयोग खिडकीतल्या हातभर उन्हात होतात.

पायरी पहिली: घरात ऊन कुठे कुठे येतं ते शोधा

ही पायरी गाळावीशी वाटते. गाळू नका. मुंबईत ऊन हप्त्या-हप्त्यानं मिळतं. आमच्या समोर पुनर्विकासाचा टॉवर उभा राहिला तेव्हापासून आमचं सकाळचं ऊन साडेआठाऐवजी दहाला येतं, आणि हे मला मुलांनी सांगितलं. तोवर मला वाटत होतं, थंडीत ऊन उशिराच येत असेल.

एक खडू आणि घड्याळ, एवढंच लागतं. सकाळी ऊन जमिनीवर आलं की त्याच्या कडेनं खडूनं रेघ मारायची आणि शेजारी वेळ लिहायची. तासानं परत. दुपारपर्यंत जमिनीवर चार-पाच चौकोन एकमेकांवरून सरकल्यासारखे दिसतात. पाच वर्षांच्या मुलाला वेळ लिहिता येत नसेल तर त्यानं त्या वेळी घरात काय चाललं होतं ते काढावं: चहाचा कप, कुकर, आजोबांची वामकुक्षी.

मग विचारा, "ऊन का सरकलं?" उत्तरं ऐकून घ्या. "सूर्य चालत गेला", "बिल्डिंग आडवी आली", "वारा आला". लगेच दुरुस्त करू नका. आमच्याकडे तिसरीतल्या मुलानं स्वतःच लहानांना गोल फिरवून दाखवलं की फिरतोय आपण, सूर्य नाही. माझ्या भाषणापेक्षा ते किती तरी बरं झालं.

इथेच एक जोडप्रयोग करून घ्या. खिडकीच्या पडद्याच्या भोकातून किंवा झाडाच्या पानांमधून जमिनीवर पडणारे कवडसे गोल असतात. भोक वेडंवाकडं असलं तरी कवडसा गोल. का? कारण तो भोकाचा आकार नसतोच, ती सूर्याची प्रतिमा असते. खात्री करायला पॉकेट आरसा घ्या, त्यावर कागद चिकटवा आणि कागदात अर्ध्या सेंटिमीटरचं चौकोनी भोक पाडा. हा आरसा गॅलरीतल्या उन्हात धरून कवडसा आतल्या अंधाऱ्या भिंतीवर पाडा. जवळच्या भिंतीवर तो चौकोनीच दिसेल. चार-पाच मीटर लांब नेलात की गोल होतो. पाच मीटरवर तो साधारण पावणेपाच सेंटिमीटरचा भरतो. सूर्य बघायची ही बिनधोक पद्धत आहे. फक्त आरसा मोठ्यांच्या हातात, आणि समोरच्या काकूंच्या स्वयंपाकघरावर तो जाणार नाही याकडे लक्ष.

पायरी दुसरी: पट्टीची सावली

कणकेच्या गोळ्यात तीस सेंटिमीटरची पट्टी सरळ उभी करा आणि खाली कागद ठेवा. अर्ध्या-अर्ध्या तासानं सावलीच्या टोकावर ठिपका द्या. सावली सगळ्यांत आखूड होते तो खरा मध्यान्ह.

बारा वाजता तसं होईल असं सगळ्यांना वाटतं. मुंबईत तसं होत नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं, म्हणजे पार प्रयागराजच्या बाजूचं, आणि मुंबई ७३ अंशांच्या आसपास. दर अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य घड्याळाच्या जवळपास ३९ मिनिटं मागे चालतो. पूर्वी मुंबईची स्वतःची वेळ होती, 'बॉम्बे टाइम', बरोबर ३९ मिनिटं मागे, आणि ती १९५५ पर्यंत टिकून होती. वर्षभरात हा मध्यान्ह थोडा पुढे-मागे होतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्याला १२:५३ च्या आसपास. लहानांना हे सगळं सांगायची गरज नाही. त्यांना एवढंच कळावं की घड्याळ माणसांनी ठरवलेलं आहे आणि सावलीनं नाही.

२२ डिसेंबरला या पट्टीची मध्यान्हीची सावली सुमारे २७ सेंटिमीटर पडते, मार्चच्या २१ ला जेमतेम १०. पुढे मेच्या मध्याला ती नाहीशीच होते, पण त्याबद्दल शेवटी.

पायरी तिसरी: काळं आणि पांढरं

दोन सारखी स्टीलची फुलपात्रं. एकाला काळा कागद गुंडाळा, एकाला पांढरा. दोन्हीत सारखंच पाणी ओता, वर बशी झाका आणि अकराच्या उन्हात ठेवा. अर्ध्या-पाऊण तासानं मुलांनी बोट बुडवून बघावं. थर्मामीटर हवाच असेल तर तापाचा घेऊ नका, तो या कामाचा नाही; प्रयोगशाळेतला काचेचा किंवा स्वयंपाकघरातला चालतो. पण लहानांसाठी बोटच बरं. बर्फाचे दोन खडे काळ्या आणि पांढऱ्या कागदावर ठेवून शर्यत लावली तर पाच वर्षांचीही ओरडून ओरडून खेळतात.

आमच्याकडे हा प्रयोग पहिल्यांदा फसला, कारण गॅलरीला लागून हॉलचा पंखा चालू होता आणि वारा दोन्ही पेल्यांची ऊब घेऊन जात होता. दुसऱ्यांदा पंखा बंद केला. एका मुलीनं विचारलं, "मग कपडे वाळायला पंखा लावतात ते ऊन नसतं म्हणून का?" त्या प्रश्नावर आमचा अर्धा तास छान गेला.

गच्ची मिळाली तर याहून सोपा प्रयोग तिथे आधीच मांडून ठेवलेला असतो. जुन्या बिल्डिंगांच्या गच्चीवर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे असतात, आणि जिथे गळतीसाठी दुरुस्ती झाली तिथे काळा डांबरी पत्रा. सकाळी दहाच्या सुमारास मुलांना दोन्हींवर तळहात टेकवायला सांगा. दुपारी नको, हात भाजेल. पांढरे तुकडे कशासाठी लावले होते हे मग कोणी सांगावं लागत नाही. पाण्याच्या सोलर हीटरच्या नळ्या गडद का असतात तेही त्यांना इथेच कळतं.

पायरी चौथी: हळदीचा फोटो

माझा आवडता प्रयोग. याला मी पूर्ण रविवार देते.

आत्तापर्यंत मुलांना ऊन म्हणजे ऊब असंच वाटत असतं. ऊब सोडूनही उजेड काही काम करतो, हे दाखवायला हळदीइतकं सोपं काही नाही. शाळेच्या पांढऱ्या शर्टावर वरणाचा डाग पडला की घरात काय होतं आठवा. साबण लावला की पिवळा डाग लालसर होतो. मग धुऊन कडक उन्हात टाकला की संध्याकाळपर्यंत बराच उडून जातो. या दोन्ही गोष्टी घरोघरी माहीत आहेत. त्या एकत्र केल्या की फोटो होतो.

एका वाटीत चमचाभर हळद आणि पाच-सहा चमचे पातळ सॅनिटायझर किंवा सर्जिकल स्पिरिट घ्या. हे मोठ्यांनी करायचं, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब, कारण स्पिरिट पटकन पेट घेतं. दहा मिनिटं मुरू द्या, जुन्या रुमालातून गाळा. गडद पिवळं पाणी मिळतं. ब्रशनं ते जाड ड्रॉइंगच्या कागदावर सारखं पसरा. एक हात सुकला की दुसरा द्या. कागद कपाटात, अंधारात वाळवा. रंग लावताना मुलांचे हात, फरशी आणि तुमचा गाऊन पिवळा होणार हे गृहीत धरा.

आता मुलांना खाली पाठवून पानं आणायला सांगा. गुलमोहराची संयुक्त पानं सुंदर उमटतात, तुळशीची मंजिरीही. पिंपळाचं पान सगळे आणतात, त्याचा आकार चांगला येतो, पण शिरा दिसतील या आशेवर राहू नका. पान सपाट हवं. वाळलेल्या पिवळ्या कागदावर पान ठेवून वर जुन्या फोटो फ्रेमची काच दाबायची. काचेच्या कडा आधी चिकटपट्टीनं गुंडाळा. कपड्यांच्या चिमट्यांनी पक्कं करा आणि कडक उन्हात ठेवा. डिसेंबरात तीन-चार तास, मेमध्ये दोनही पुरतात. ऊन सरकेल तसा कागद सरकवायचा, पहिल्या पायरीतल्या खडूच्या रेघा आता कामाला येतात, आणि मुलं स्वतःच म्हणतात, "दीड वाजता सोफ्याजवळ न्यायचंय."

असाच एक कागद, तसंच पान ठेवून, कपाटात ठेवा. हा विसरू नका. नाहीतर "हळद आपोआप फिकी झाली" म्हणणाऱ्याला उत्तर देता येत नाही.

वेळ झाली की काच काढा. उघडा भाग फिका पडलेला असतो, पानाखालचा पिवळा राहिलेला. आता कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवून ते ब्रशनं कागदावर फिरवा. पानाचा आकार तांबूस-विटकरी होऊन वर येतो. खोलीत एकदम आवाज होतो, दर वेळी. रंग फिका वाटला तर कपड्यांच्या साबणाचं पाणी लावून बघा. हळदीत चुना मिसळून कुंकू करायची जुनी रीत ज्या आजींना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटत नाही, आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "त्यात काय, कुंकूच केलंस की." चुना मात्र मुलांच्या हाती देऊ नका, त्वचेला आणि डोळ्यांना वाईट.

मोठ्या मुलांना एवढं सांगते: हळदीचा पिवळा रंग ज्या पदार्थाचा, तो उजेड लागला की मोडतो. जिथे मोडला तिथे सोड्याला लाल करायला काही उरलं नाही. फोटो वहीत मिटून ठेवा. भिंतीवर लावलात तर ऊन त्याचं काम पुढे चालू ठेवतं.

पायरी पाचवी: खोक्यातली चूल

पिझ्झाचं रिकामं खोकं घ्या. झाकणावर तीन बाजूंनी कापून एक फडकी करा, चौथ्या बाजूला ती उघडते-मिटते. फडकीच्या आतल्या बाजूला पोळ्या गुंडाळायचा फॉइल सुरकुत्या न पाडता चिकटवा. उघड्या खिडकीवर अन्न झाकायच्या पारदर्शक प्लास्टिकचे दोन थर ताणून लावा, एक वरून आणि एक आतून. तळाला काळा कागद. आत कडेनं वर्तमानपत्राच्या सुरळ्या, ऊब धरून ठेवायला. फडकी काडीनं अशी टेकवायची की उजेड परतून खोक्यात पडेल. वीस मिनिटं रिकामंच तापू द्या, मग आत वाटीत मारी बिस्किट आणि त्यावर चॉकलेटचा तुकडा.

चॉकलेट अंगाच्या उबेलाही वितळतं, त्यामुळे हा प्रयोग सहसा हरत नाही. उशीर करते ती फक्त चुकीच्या दिशेला टेकवलेली फडकी. दर पंधरा मिनिटांनी खोकं सूर्याकडे वळवा. आणि कावळे. आमचं पहिलं बिस्किट कावळ्यानं प्लास्टिक फोडून नेलं आणि ते मुलांना चॉकलेटपेक्षा जास्त लक्षात आहे.

हे का तापतं, तर उन्हात उभ्या असलेल्या बंद स्कूल व्हॅनची सीट का चटके देते त्याच कारणानं. उजेड काचेतून आत येतो, आतल्या वस्तू तापवतो, पण ती ऊब आणि गरम हवा तशीच बाहेर पडू शकत नाही. १७६७ मध्ये सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञानं काचेचे थर लावलेल्या पेटीत हेच करून बघितलं होतं. पिझ्झाशिवाय.

या खोक्यात अंडं, दूध, भात करायला जाऊ नका. अन्न कोमट राहतं, शिजत नाही, आणि पोट बिघडतं. एप्रिलमध्ये खरंच उन्हात काही करायचं असेल तर उन्हातला साखरांबा: किसलेली कैरी, साखर, काचेची बरणी, तोंडाला पातळ फडकं. आठ-दहा दिवस रोज उन्हात. साखरेचा पाक होताना मुलांनी रोज बघावा. त्यात प्रयोग कमी, वाट बघणं जास्त.

मीठ, थोडक्यात

ताटलीत दोन चमचे मिठाचं पाणी उन्हात, तेवढंच दुसरं सावलीत. मुंबईच्या दमट हवेत दोन दिवसही लागतात. मागे पांढरे खडे राहतात. पूर्व द्रुतगती महामार्गानं मुलुंडकडे जाताना खाडीच्या बाजूला मिठागरं दिसतात, बरीचशी आता ओस पडलेली; तिथे हेच काम सूर्य मोठ्या ताटात करत आला. वेसावे किंवा गोराईला गेलात तर बांबूंवर टांगलेले सुके बोंबीलही दाखवा. वासाची तक्रार होईल, होऊ द्या.

पायरी सहावी: आता पॅनल

इथवर यायला आम्हाला पाच-सहा रविवार लागतात. आता पॅनल हातात दिलं की मुलांचा प्रश्न बदललेला असतो. "आत काय आहे?" असं न विचारता ती विचारतात, "हे उन्हाचं काय करतं?"

लॅमिंग्टन रोडला, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळ, सुट्टं सामान मिळतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद, तेव्हा शनिवारी जा. तीन ते सहा व्होल्टचं तळहाताएवढं पॅनल, क्रोकोडाइल क्लिपच्या (टोकाला दातेरी चिमटे असलेल्या) दोन वायरी, आणि मोटर. मोटर मागताना "सोलरवर चालणारी, कमी करंटची" असं स्पष्ट सांगा. खेळण्यातली साधी मोटर सुरू व्हायला जास्त करंट मागते. ती पॅनलला जोडली तर हलतही नाही आणि सगळ्यांना वाटतं पॅनलच खराब. पहिल्या वर्षी मी हीच चूक केली आणि दोन पॅनल फेकायला निघाले होते. शक्य असेल तर दुकानाच्या दारात उन्हात जोडूनच बघा. जोडणीत घाबरण्यासारखं काही नाही, हा करंट हाताला जाणवतही नाही. मुलांना फक्त एवढं बजावा की घरातल्या प्लगला यातलं काही लावायचं नाही.

मोटरला कागदाचं भिरभिरं लावा आणि मुलांना सोडून द्या. सूचना कमी. पंधरा मिनिटांत ती स्वतःच शोधतात: सावलीत नेलं की थांबतं, सूर्याकडे तोंड केलं की जोरात, तिरकं केलं की हळू. वायरी उलट्या लावल्या की भिरभिरं उलटं. मग तुम्ही एक-एक गोष्ट पुढे करा.

पहिली, पॅनलचा एक कोपरा बोटानं झाका. पॅनलवर बारीक रेघांनी वेगळे केलेले पट्टे दिसतात, ते एकामागे एक जोडलेले असतात. एक पट्टा पूर्ण झाकला तरी बहुतेक वेळा भिरभिरं थांबतं, बाकी सगळं उन्हात असूनही. हात धरून साखळी करून उभी राहिलेली मुलं आणि मधल्यानं हात सोडला, असं खेळून दाखवता येतं. गच्चीवरच्या पॅनलवर पाण्याच्या टाकीची सावली का चालत नाही ते यात आलं.

दुसरी, पॅनल घरात ट्यूबलाइटखाली धरा. काही होत नाही. मुलं गोंधळतात, कारण खोली तर लख्ख दिसते. दुपारचं ऊन घरातल्या उजेडाच्या शेकडो पट प्रखर असतं. आपल्या डोळ्यांची बाहुली लहानमोठी होऊन तो फरक लपवते. आरशात एकमेकांच्या बाहुल्या बघायला लावा, आधी गॅलरीत, मग आत.

तिसरी, पॅनलवर काळा कागद ठेवा. कागद तापतो, भिरभिरं थांबतं. म्हणजे पॅनलला ऊब नको, उजेड हवा. उलट फार तापलं की पॅनल थोडी कमीच वीज देतं. हळदीच्या फोटोची आठवण इथे करून द्या, म्हणजे दोन प्रयोग एकमेकांना भेटतात.

आत काय होतं ते सहा वर्षांच्या मुलाला किती सांगायचं? मी एवढंच सांगते: पॅनल वाळूतून काढलेल्या सिलिकॉनचं असतं, त्यात अगदी बारीक कण असतात, उजेड त्यांना ढकलतो, आणि ढकललेले कण वायरीतून फिरून परत येतात. त्या फिरण्याला आपण वीज म्हणतो. मोठ्यांसाठी: उजेडानं वीज होते हे एडमंड बेकेरेल या फ्रेंच तरुणाच्या लक्षात आलं १८३९ मध्ये, तेव्हा तो १९ वर्षांचा होता, आणि उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सेल अमेरिकेत बेल लॅब्जनं दाखवला १९५४ मध्ये.

तिसरीच्या पुढच्यांना चटईचं गणित घाला. एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन खडूनं गच्चीवर काढा. निरभ्र दुपारी त्यावर साधारण १००० वॉट ऊन पडतं. चांगलं पॅनल त्यातला पाचवा भाग पकडतं, म्हणजे २०० वॉट. घरातला जुना पंखा ७० ते ७५ वॉट घेतो. मग या चौकोनावर किती पंखे? आणि ढग आला तर? आणि रात्री?

रात्रीचा प्रश्न नक्की येतो. त्यासाठी बागेत खोचायचा सोलर दिवा आणा. दिवसभर उन्हात ठेवा आणि मग पॅनलवर हात ठेवा. दिवा लागतो! लहान मुलांची समजूत पहिल्यांदा उलटीच होते: "अंधारानं दिवा चालतो." हसू नका. स्क्रूड्रायव्हरनं खालचं झाकण उघडून आतला रिचार्जेबल सेल दाखवा. माझी भाची तो बघून म्हणाली, "सांगितलं होतं ना, बॅटरी असते!" या वेळी ती बरोबर होती.

ऊन मोजणारी बाई

"पण ऊन मोजतात कसं?" असं कुणी विचारलंच तर अ‍ॅना मणी यांची गोष्ट सांगा. केरळात १९१८ मध्ये जन्मल्या, पुण्यात हवामान खात्यात उपकरणं बनवली, आणि १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात, म्हणजे जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून पृथ्वीचा अभ्यास केला तेव्हा, देशभर सूर्यप्रारण (सूर्याकडून येणारी ऊर्जा) मोजणारी केंद्रं उभी करायचं काम केलं. कुठल्या गावी किती ऊन पडतं याचे आकडे त्यातून मिळत गेले. आमच्या मुलींनी यानंतर गॅलरीसाठी 'ऊन-वही' सुरू केली: रोज दुपारी एक वाजता भिरभिरं फिरलं की नाही, जोरात की हळू. जोरात असेल तर पूर्ण सूर्य, हळू असेल तर अर्धा, थांबलं तर ढग.

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जायचं ते या सगळ्यानंतर. आधी गेलात तर मुलं नुसती बटणं दाबत सुटतात. त्याहून फुकट आणि जवळ म्हणजे जवळची एखादी सोसायटी जिच्या गच्चीवर पॅनल बसवलंय. तिथला मीटर दाखवायला कोणी तयार झालं तर दोन्ही बाजूंनी मोजणारा मीटर मुलांना बघू द्या: दुपारी वीज बाहेर, रात्री आत.

आणि मेमधली ती दुपार

मुंबईच्या बरोबर डोक्यावरून सूर्य वर्षातून दोनदा जातो, १५-१६ मे आणि २७-२८ जुलैच्या आसपास. मेमध्ये दुपारी साडेबारा ते पाऊण या वेळात उभ्या पट्टीची सावली पट्टीखालीच शिरते. तेवढी पाच मिनिटं मुलांना टोपी घालून गच्चीवर न्या. सरळ उभी बाटली, पेला, स्वतः मुलं, सगळ्यांची सावली पायाखाली. त्या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत मध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेकडे पडते. मुलांना दिशा कळत असतील तर पैज लावा, आमच्याकडे मोठी माणसंच हरतात. जुलैचा दिवस बहुतेक पावसात जातो, पण ऊन-वहीत तारीख घालून ठेवा. मागच्या जुलैत बारा वाजून अडतीस मिनिटांना ढग फाटले, आम्ही सगळे पट्ट्या घेऊन जिन्यात तयार होतो, आणि किल्ली घेऊन सेक्रेटरी काका बाजारात गेले होते. यंदा किल्ली मी आदल्या रात्रीच मागून ठेवणार आहे.